एका माणसाची होडी

"नान्मेई-सामा देसु का?" किती जण आहात? टोकियो डिस्ने रिसॉर्टमध्ये हा प्रश्न दिवसातून पंधरा-वीस वेळा तरी कानावर येतो. राइडच्या तोंडाशी, उपाहारगृहाच्या दारात, खेळ बघायला बसण्याच्या जागी. विचारणारी मुलगी स्वतःची बोटं वर करून दाखवते, म्हणजे भाषा न येणाऱ्यालाही कळावं. दोन? तीन? मी एक बोट वर करायचे. "हितोरी देसु." एकटी. ती मान लववायची आणि एका माणसाची जागा दाखवायची. पुढे दुसरा प्रश्न नाही. बाकीचे मागून येतायत का, कुणाची वाट बघताय का, काही नाही.

मला या प्रश्नाची सवय वेगळ्या बाजूने होती. खाडीकाठच्या उरणच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि जवळजवळ दर वर्षी सहल नेली. गोराईचं एस्सेलवर्ल्ड 1989 साली सुरू झालं. तिथे कितीदा गेले ते आता सांगता येणार नाही, पण त्या जागेचं म्हणून डोळ्यांपुढे काही येतच नाही. येतात ती फक्त डोकी. लाँचमध्ये चढताना बेचाळीस, उतरताना बेचाळीस, मोठ्या पाळण्यापाशी एकेचाळीस, की छातीत धस्स. मग पाणपोईपाशी चपलेचा तुटलेला अंगठा धरून उभा असलेला बेचाळिसावा. असल्या बागा मी खूप पाहिल्या आणि एकही पाहिली नाही.

निवृत्त झाल्यावर भाचीकडे जपानला गेले. ती टोकियोच्या एदोगावा भागात निशी-कासाईला राहते. 2000 सालाच्या आसपास इथे भारतीय संगणक अभियंते येऊ लागले आणि बघता बघता वस्ती वाढली. किराणा दुकानात पोह्यांची पाकिटं मिळतात, लिफ्टमध्ये मराठी ऐकू येतं. 2019 मध्ये एदोगावाच्या स्थानिक सभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक याच वस्तीतले. जपानमध्ये निवडणूक जिंकलेले ते पहिले भारतात जन्मलेले नागरिक. भाचीने बेत आखला होता, "मावशी, शनिवारी आपण सगळेच डिस्नेला जाऊ." मी म्हटलं, "मी मंगळवारी जाते. एकटीच. आणि रात्री तिथेच राहते." ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. तिकीट मी फोनवर काढून देते. आणि मफलर घेऊन जा, तिथे समुद्राचा वारा असतो."

दिवस फेब्रुवारीचे होते. तिकिटाची किंमत दिवसाच्या गर्दीप्रमाणे बदलते, तेव्हा मोठ्या माणसाला 7,900 येनपासून 10,900 येनपर्यंत होती. साधा मंगळवार बघून तिने त्यातल्या त्यात स्वस्त दिवस निवडला.

नाव टोकियोचं असलं तरी रिसॉर्ट टोकियोत नाही. निशी-कासाईहून बसने खाडीकाठच्या स्टेशनवर जायचं, केइयो लाइनची गाडी धरायची, जुनी एदो नदी ओलांडली की चिबा प्रांत लागतो आणि पहिलंच स्टेशन माइहामा. गाव उरायासु. पुलावरून उजवीकडे राखाडी पाणी आणि डावी-उजवीकडे अगदी सपाट जमीन दिसते. इतकी सपाट, की खाडीकाठी वाढलेल्या माणसाला शंका यावी. शंका खरी आहे. उरायासुचं मूळ क्षेत्रफळ 4.43 चौरस किलोमीटर होतं. समुद्रात भराव घालून ते 16.98 झालं. म्हणजे शहराचा तीन चतुर्थांश भाग काल-परवापर्यंत पाणी होता आणि डिस्नेचा किल्ला, हॉटेलं, मोनोरेल सगळं त्याच भागावर उभं आहे. उरणच्या माणसाला भराव काय असतो ते सांगावं लागत नाही. हा धागा मी मनात बांधून ठेवला.

इथे दोन बागा आहेत. टोकियो डिस्नेलँड 15 एप्रिल 1983 रोजी उघडलं, अमेरिकेबाहेरचं पहिलं. त्याच्या शेजारचं टोकियो डिस्नेसी 4 सप्टेंबर 2001 चं. दोन्हींची मालकी डिस्नेकडे नाही. ओरिएंटल लँड नावाची जपानी कंपनी परवाना घेऊन त्या चालवते आणि डिस्नेला रॉयल्टी देते. या बागांची निगा इतकी बारीक का, याचं एक कारण मला इथे दिसतं. दुसऱ्याची गोष्ट आपल्या घरी सांगायला घेतलेला माणूस शब्द जपूनच वापरतो.

मी डिस्नेसी निवडलं, कारण ते समुद्राबद्दल आहे. माइहामाहून मोनोरेल एकाच दिशेने गोल फिरते, स्टेशनं चार. तिच्या खिडक्या मिकीच्या डोक्याच्या आकाराच्या, वर धरायच्या कड्यासुद्धा तशाच. ती माणसांना नुसती पोचवत नाही, वाटेतच त्यांचा चेहरा बदलते. ऑफिसच्या गाडीत मान खाली घालून बसलेली माणसं इथे चढली की खिडकीला नाक लावतात.

आत शिरल्यावर एका इटालियन इमारतीच्या कमानीखालून जावं लागतं. ही इमारत म्हणजे मिराकोस्टा हॉटेल, बागेच्या आतच बांधलेलं. कमान जरा अंधारी आहे. ती संपते आणि एकदम पाणी समोर येतं, बंदर, बोटी, आणि पलीकडे 51 मीटर उंचीचा ज्वालामुखी. प्रोमिथियस त्याचं नाव. अधूनमधून तो खरोखर गुरगुरतो आणि तोंडातून ज्वाळा काढतो. सकाळी नऊच्या सुमाराला माझ्या दोन्ही बाजूंनी लोक धावत होते. 6 जून 2024 पासून फँटसी स्प्रिंग्ज नावाचं आठवं बंदर (बागेच्या भागांना इथे बंदरंच म्हणतात) सुरू झालंय आणि सगळ्यांना आधी तिथली रांग गाठायची असते. धावणाऱ्यांत आईबाप होते, त्यांच्या हातात मुलांची मनगटं होती. मी कठड्याला टेकून उभी राहिले. मला कुणाला कुठेही पोचवायचं नव्हतं. ज्वालामुखीच्या उतारावर गोठलेल्या लाव्ह्याच्या सुरकुत्या आहेत, वर आल्यासारख्या, दोरखंड पिळल्यासारख्या. असा लाव्हा हवाईत मिळतो, पाहोएहोए म्हणतात त्याला. सह्याद्रीच्या बेसाल्टातही त्याच्या खुणा आहेत, वर्गात शिकवला होता मी. ज्याने हे सिमेंटमध्ये घडवलं त्याने तो नीट बघितला होता.

ज्वालामुखीच्या पोटात ज्यूल व्हर्नचं जग आहे. विवरात खळाळतं पाणी, त्यात उभी कॅप्टन नेमोची पाणबुडी नॉटिलस, लोखंडी जिने, गंजाच्या रंगाचे खिळे. आमच्या पिढीला व्हर्न भेटला तो भा. रा. भागवतांच्या मराठीतून. फास्टर फेणेचे भागवत, त्यांनीच व्हर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या हातात ठेवल्या. शाळेच्या वाचनालयात त्यांची पुठ्ठा निघालेली प्रत घेऊन बसलेली मी, आणि आता नॉटिलसच्या खिळ्यावरून बोट फिरवणारी मी. मधल्या पन्नास वर्षांत मी ही पाणबुडी नेमकी अशीच बघत आले होते. इथून पृथ्वीच्या पोटात जाणारी गाडी सुटते. आधी लिफ्ट खाली नेते, मग चमकणाऱ्या स्फटिकांच्या गुहा, मोठमोठी भूछत्रं, आणि शेवटी ताशी 75 किलोमीटर वेगाने ज्वालामुखीच्या कुशीतून बाहेर. शेजारच्या सीटवरची शाळकरी मुलगी किंचाळली, मीही किंचाळले. मग दोघींनी एकमेकींना मान लववली.

पण त्या दिवसातला माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो जिथे रांगच नव्हती तिथे. बंदराच्या काठावर, ज्वालामुखीला टेकून एक किल्ला आहे. दर्यावर्दी आणि शोधक लोकांचा अड्डा अशी त्याची कल्पना. यात बसायची गाडी नाही, नुसतं हिंडायचं. नकाशांची दालनं आहेत, तोफा आहेत, भिंगातून बाहेरचं बंदर टेबलावर उमटवणारा कॅमेरा ऑब्स्क्युरा आहे. ग्रहांच्या दालनात हाताने दांडे फिरवले की डोक्यावर पितळी ग्रह आपापल्या कक्षेत सरकतात. एक आजोबा नातवाला दांडा फिरवू देत होते. नातू दमला, तेव्हा मी फिरवला.

आणि एका मनोऱ्यात फूकोचा लंबक टांगलेला आहे.

तीस वर्षं मी तो फळ्यावर काढला. खडूने छत, खडूने दोरा, खडूने गोळा. फूकोने 1851 मध्ये पॅरिसला तो टांगला आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे आकाशाकडे न बघता खोलीतल्या खोलीत दाखवलं. लंबक आपली झुलण्याची दिशा सोडत नाही, खालची जमीनच हळूहळू वळते. ध्रुवावर एक पूर्ण फेरी साधारण 24 तासांत होईल, विषुववृत्तावर कधीच नाही. मधल्या जागी अक्षांशावर अवलंबून. उरायासुच्या अक्षांशावर हिशेब केला तर 41 तासांच्या आसपास, आणि हाच लंबक उरणला टांगला तर 74 तासांच्या जवळ. हे गणित मी तिथेच बाकावर बसून पावतीच्या मागे केलं. पाऊण तास बसले. लोक येत, वर बघत, फोटो काढत आणि जात. पाऊण तासात लंबकाची रेघ सरकलेली दिसते, साडेसहा अंश म्हणजे नजरेला पुरेसं होतं. मुलं बरोबर असती तर मी त्यांना हे सांगितलं असतं आणि त्यांच्याकडे बघत राहिले असते. त्या दिवशी मी लंबकाकडे बघत राहिले.

एकट्याने येण्याला जपानमध्ये एक आदराचा शब्द आहे, ओहितोरिसामा. उपाहारगृहात एकटं आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणायचा हा शब्द. आधी त्यात थोडी कीव असायची. पुढे बायकांनी तो स्वतःसाठी उचलला. समाजशास्त्रज्ञ चिझुको उएनो यांचं एकट्याच्या म्हातारपणाविषयीचं पुस्तक 2007 मध्ये आलं, हातोहात खपलं आणि त्याच्या नावातच हा शब्द होता. 2020 च्या जनगणनेत जपानमधली सुमारे 38 टक्के कुटुंबं एकाच माणसाची निघाली. म्हणजे एक बोट वर करणारी मी तिथे काही नवल नव्हते. रेजिंग स्पिरिट्स नावाच्या, पूर्ण उलटं फिरवणाऱ्या गाडीला एकट्यांची वेगळी वाट असते. तिघांचं कुटुंब बसलं की एक जागा उरते, तिथे एकट्याला बसवतात. मोठ्या रांगेच्या मानाने मी फार लवकर आत पोचले.

एकटी माणसं एकदा दिसायला लागली की सगळीकडे दिसतात. बागेतल्याच केप कॉड नावाच्या भागातल्या उपाहारगृहात माझ्या पुढच्या टेबलावर तिशीची एक बाई होती. समोरच्या खुर्चीवर तिने डफी ठेवला होता. डफी हे कापडी अस्वल, मिकी समुद्रप्रवासाला निघाला तेव्हा मिनीने शिवून दिलेलं, अशी त्याची गोष्ट. इथे मोठी माणसंही त्याला काखेत घेऊन हिंडतात. त्या बाईने त्याच्या गळ्यातला रुमाल सारखा केला, सूपचा फोटो काढला आणि मग शांतपणे जेवली. बंदराच्या पायऱ्यांवर लांब भिंगाचा कॅमेरा घेतलेले एक गृहस्थ तासभर एकाच बोटीची वाट बघत होते. त्यांच्या बाजूला छोटी सतरंजी, त्यावर थर्मास, जोडे काढून कडेला ठेवलेले. आपल्याकडे देवळाच्या ओसरीवर दुपारी असं कुणी बसलेलं असतं आणि त्याला कुणी हटकत नाही. तसं ते बसणं होतं.

दुपारी अरबी किनारा नावाच्या भागात गेले. सिंदबादची होडी तिथे संथ पाण्यातून दहा मिनिटं नेते. राक्षस, देवमासा, माकडं, सगळे हलते-बोलते पुतळे, आणि अॅलन मेनकेनने रचलेलं एक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबतीला. सिंदबादबरोबर वाघाचं एक पिल्लू असतं. 2007 मध्ये ही राइड नव्याने मांडली तेव्हा ते आलं. त्याचं नाव चंदू. जपानी मुलं होडीच्या काठावरून "चांदू! चांदू!" करून हात हलवतात. प्रत्येक वळणावर चंदू वेगळा दिसतो, कधी सिंदबादच्या पायाशी, कधी ढोलकीपाशी. मी दोनदा बसले, दुसऱ्यांदा नुसती चंदूला शोधायला. शेजारच्या भोजनालयात करी आणि नान मिळतं आणि बाहेर गाडीवर करीच्या चवीचे पॉपकॉर्न. गळ्यात अडकवायच्या डब्यातून लोक ते खातात आणि डबा पुन्हा भरून घेतात. चव आपल्या मसाल्याची नव्हे, जपानी करी पावडरची, जरा गोडसर. थंडीत हात गरम राहिले.

चार वाजता वारा वाढला आणि रात्री बंदरात होणारा खेळ रद्द झाल्याचं सांगण्यात आलं. माणसं हळहळली, पण कुणी आवाज चढवला नाही. माझ्यापासून दहा पावलांवर एक सफाई कर्मचारी थांबला. त्याने झाडू बादलीत बुडवला आणि फरसबंदीवर पाण्याने मिकी काढला, कान, नाक, हातमोजे. कडेची दोन मुलं गप्प झाली. वाऱ्याने तो चार मिनिटांत वाळला. मग त्याने डोनल्ड काढला.

या कर्मचाऱ्यांबद्दल भाचीने मला आधी सांगितलं होतं. 11 मार्च 2011 च्या भूकंपात दोन्ही बागांत मिळून सुमारे 70,000 लोक होते. आगगाड्या बंद पडल्या, जवळपास 20,000 जणांना रात्र इथेच काढावी लागली. कर्मचाऱ्यांत बहुसंख्य अर्धवेळ काम करणारी तरुण मुलं. त्यांनी दुकानातली कापडी खेळणी वाटली, डोक्यावर धरायला. खाऊच्या पेट्या उघडल्या, पुठ्ठे आणि प्लास्टिकच्या पिशव्या वाटल्या, थंडी वाजू नये म्हणून. आधीपासून तसा सराव केलेला होता. शहराच्या भराव घातलेल्या भागात त्या दिवशी जमीन पातळ झाली, रस्त्यांतून चिखल वर आला, बागेचा वाहनतळही खचला. बागेखालची जमीन मात्र बांधतानाच वाळूचे खांब ठोकून घट्ट केलेली होती, ती टिकली. डिस्नेलँड 15 एप्रिलला, त्याच्या वाढदिवशीच पुन्हा उघडलं आणि डिस्नेसी 28 एप्रिलला. मी ज्या फरसबंदीवर उभी राहून मिकी वाळताना बघत होते, तिच्याखाली ते वाळूचे खांब होते.

रात्री टॉय स्टोरी हॉटेलात राहिले. हे 2022 साली उघडलं, 595 खोल्यांचं. खोली म्हणजे त्या चित्रपटातल्या अँडीची खोली, भिंतींवर निळं आभाळ आणि पांढरे ढग. भाचीला फोन केला, तिच्या मुलांना खोली दाखवली, मग दिवा मालवला. आपल्या बालपणी नव्हती अशी खोली साठाव्या वर्षी एका रात्रीपुरती मिळाली आणि मी गाढ झोपले.

सकाळी मोनोरेल सोडून मी गावात गेले. उरायासुचं नगर संग्रहालय आहे, प्रवेश विनामूल्य. त्याच्या अंगणात 1952 च्या सुमाराचं उरायासु पुन्हा उभं केलंय. तंबाखूचं दुकान, कोळ्यांची घरं, मधून कालवा आणि कालव्यात होड्या. इथले लोक ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात तिसऱ्या आणि शिंपल्या वेचायचे, थंडीत नोरी नावाचं शेवाळ काढून वाळवायचे. 1958 मध्ये नदीच्या वरच्या अंगाच्या कागद कारखान्याने काळं पाणी सोडलं आणि शिंपले मेले. जूनमध्ये कोळी कारखान्यात घुसले, पोलिसांशी झटापट झाली, पुष्कळ जखमी झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस जपानमध्ये पाण्याच्या शुद्धतेचे पहिले कायदे झाले. ओरिएंटल लँड ही कंपनी 1960 सालची, समुद्रात भराव घालण्यासाठीच निघालेली. 1971 मध्ये कोळ्यांनी मासेमारीचे हक्क पूर्णपणे सोडले. बारा वर्षांनी त्याच पाण्यावर किल्ला उभा राहिला.

मी हे फलक भाषांतराच्या अॅपवर वाचत होते, तेव्हा हापी नावाचा निळा अंगरखा घातलेले एक वयस्क स्वयंसेवक जवळ आले. कुठल्या? म्हटलं, भारत, समुद्र. हातांनी लाटा करून दाखवल्या. त्यांनी मला कालव्याकाठी नेलं. तिथे एक अरुंद, सपाट तळाची लाकडी होडी बांधलेली होती. बेकाबुने. शेवाळ आणि शिंपल्या काढायची, एका माणसाची होडी. दुसऱ्याला जागाच नाही. आमच्याकडेही खाडीत पाग टाकायला एकट्याने नेतात तशा लहान होड्या आहेत, पण ही त्याहून हलकी, चिखलातून घसरत जाईल अशी. मी काठावर बसून तिची फळी हाताने चाचपली. सांधा इतका घट्ट, की नख जात नव्हतं.

त्या गृहस्थांनी एक पाय मागे रोवला, गुडघा वाकवला आणि दोन्ही हातांत नसलेला बांबू धरून तो चिखलात कसा रुतवायचा, अंग कसं मागे टाकायचं ते दाखवलं. एकदा, मग हळू करून पुन्हा. मला जमलं नाही असं वाटून तिसऱ्यांदा. मी पिशवी खाली ठेवली, त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि पाय मागे घेतला.